शेवटच्याच्या मागे

१

तुम्हाला फक्त पहिला दिसतो. पहिला आला की टाळ्या वाजवायच्या, त्याच्या कुत्र्यांबरोबर फोटो काढायचे, गरम सूप प्यायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने घरी जायचं. मागे नदीवर, टेकड्यांत अजून कोणी कुडकुडत येतंय हे तुम्हाला माहीत नसतं असं नाही. माहीत असतं. तरीही जाता.

वर्ना दर मार्चमध्ये हे मनातल्या मनात कुणाला तरी सुनवायची. कुणाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. समोर कोणी नसायचंच. समोर असायची बर्फात रोवलेली काठी, कंबरेइतकी उंच, माथ्यावर चमकती पट्टी. ती उपटायची, गुडघ्यावर आपटून बर्फ झाडायचा, बर्फावर चालणाऱ्या मशीनला जोडलेल्या गाडीत टाकायची, मशीन थोडं पुढे घ्यायचं, की पुढची काठी. शर्यतीत सगळ्यांच्या मागून जाणाऱ्या या माणसांना गावात ‘झाडू’ म्हणतात. वर्ना झाडू होती आणि तिच्याबरोबर तिचा क्लेमेंट मामा. शेवटची स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची गाडी, पुढे गेली की तिच्यामागून वाट आवरत यायचं. काठ्या, रिकामे डबे, कुत्र्यांच्या पायांतून निसटलेले मोजे, सगळं उचलायचं. एकच नियम. झाडूने शेवटच्याला ओलांडायचं नाही.

हे काम तिने भांडून घेतलं होतं. फेअरबँक्सच्या कॉलेजातून परत आली त्याच वर्षी ती शर्यतीच्या बैठकीत उभी राहिली होती. फार मागे पडलेल्याला विमानात घालून परत आणायची पद्धत होती. तिने टेबलावर हात आपटून सांगितलं, शेवटचा माणूस किनाऱ्यावरच्या गावात पोचत नाही तोवर शर्यत संपली असं म्हणायचा तुम्हाला हक्कच नाही. मग कोणीतरी म्हणालं, “मग तूच राहा मागे.” हशा पिकला. ती राहिली.

आणि यंदा शेवटचा होता तिचाच धाकटा भाऊ, रँडल. त्याची पहिली शर्यत.

“देव ऐकतो बघ,” क्लेमेंट मामा म्हणाला होता. “शेवटच्यासाठी एवढी भांडलीस, तर त्याने घरातलाच दिला.”

२

सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी अशी की थुंकलं तर थुंकी वाटेतच कडक व्हावी. नदी मागे राहिली होती. आता किनाऱ्यापर्यंत नुसत्या उघड्या टेकड्या, एक झाड नाही, एकीसारखी दुसरी. इथे काठ्या आहेत तोवर वाट आहे. काठी उपटली की मागे उरतो तो फक्त बर्फ, आणि तो कुणाचाच नसतो.

वर्नाचे पाय घोट्यापासून खाली कधीचे गेले होते. ‘गेले’ म्हणजे दुखायचे थांबले होते. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. चार दिवसांची झोप अंगावर साचली की माणसाला कशाचंच फारसं काही वाटत नाही. हात उपटत होते, गुडघ्यावर आपटत होते, टाकत होते.

“वाट!”

ती दचकून मशीनसकट बाजूला सरकली, थेट मऊ बर्फात. मागून क्लेमेंट मामा आपल्या मशीनवर खदाखदा हसत पुढे आला.

“मामा! पुन्हा असं केलंस ना...”

“मग काय करू? गोगलगायसुद्धा तुझ्यामागे कंटाळेल. हाक आली की वाट द्यायची. शिकवलंय ना आईने?”

शिकवलं होतंच. इथे सगळ्यांना बोलायच्याही आधी ते शिकवतात. मागची स्लेज जवळ आली आणि हाकणाऱ्याने “वाट!” म्हणून हाक दिली की पुढच्याने कुत्रे थांबवायचे, बाजूला धरायचे, त्याला जाऊ द्यायचं. वाद नाही, प्रश्न नाही. जाणाऱ्याने जाताजाता आभार मानायचे. वैऱ्यालासुद्धा वाट देतात. वर्नाच्या आजोबांनी ज्याच्याशी वीस वर्षं अबोला धरला होता, त्यालाही वाट दिली होती, आणि आभार मानायला तो तेवढ्यापुरता बोलला होता.

मामा वाऱ्याने बाजूला उडालेलं काहीतरी उचलायला वळला आणि वर्ना मऊ बर्फातून मशीन ओढत पुन्हा वाटेवर आली. तेव्हा तिला तो मोजा दिसला. कुत्र्याचा, पंज्याला घालायचा.

रँडलच्या कुत्र्यांचे मोजे तिनेच हिवाळाभर बसून शिवले होते, सगळे नारिंगी, चिकटपट्टीचे. हा जाड मळकट कापडाचा होता आणि वर बांधायला सुतळीचा तुकडा. कधीच्या शर्यतीतला असेल, वाऱ्याने उघडा पडला असेल. दर वर्षी असं काहीबाही निघतं. तिने तो उचलला.

तो ओला होता.

तिने हातमोजा काढून बोटांनी पाहिलं. ओला आणि मऊ. या थंडीत पंज्यातून निसटलेला मोजा मशीन थांबवून खाली उतरेपर्यंत लाकूड होतो. रँडल इथून गेला त्याला निम्मी सकाळ उलटली होती.

ती बघत असतानाच मोजा तिच्या हातात कडक झाला.

तिने तो कचऱ्याच्या पोत्यात टाकला आणि पुढची काठी उपटली.

३

टेकड्यांच्या मध्यावर शर्यतीची खोपी आहे. चार भिंती, एक शेगडी, एक फळी झोपायला. रँडलची स्लेज बाहेर उभी होती. कुत्रे पेंढ्यावर अंगाची वेटोळी करून, शेपटीत नाक खुपसून पडले होते. कुत्रे ठीक असले की माणूस बहुतेक ठीक असतो.

आत रँडल फळीवर बसला होता. शेगडी पेटवलेली नव्हती. दाराकडे तोंड करून, टोपीचा जाड पार्का अंगावर तसाच.

“अरे, आग तरी पेटवायचीस,” मामा म्हणाला. “का पाहुणे यायची वाट बघत होतास?”

“तायडे,” रँडल म्हणाला. “तुम्ही येताना कोणाला ओलांडलंत?”

“कोणाला ओलांडणार? शेवटचा तू. तुझ्यामागे आम्ही.”

“माझ्यामागे एकजण आहे.”

मामाने शेगडीत लाकडं घातली, काडी ओढली. “सांग बरं, कसा आहे दिसायला? मी एकदा शर्यतीत या टेकडीवर माझी सासू पाहिली होती. चूल मांडून मासे तळत होती. मी तिला रामराम केला, वळसा घालून गेलो. घरी आल्यावर कळलं, ती पूर्ण वेळ घरीच होती, मलाच शिव्या देत.”

वर्ना हसली. रँडल हसला नाही.

“मी पाहिलं नाही त्याला. हाक मारतोय. नदीकाठचं जळकं जंगल लागलं तेव्हापासून. ‘वाट!’ म्हणतो. म्हणून मी मागे पाहिलं, कोणी नाही. पुन्हा हाक. मी कुत्रे पळवले, तर हाक तेवढ्याच अंतरावरून. मी थांबलो, तरी तेवढ्याच. जवळ येत नाही. लांबही जात नाही.”

“मग दिलीस का वाट?” वर्नाने विचारलं.

“नाही.” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडा लाल, ओठ फुटलेले. “का नाही दिली ते सांगता येत नाही. वाटलं, दिली तर तो पुढे जाईल, आणि मग मी मागे राहीन.”

“अरे, शर्यतीत तेच होतं,” मामा म्हणाला.

“मला कळतंय मामा, वेड्यासारखं वाटतंय ते. पण मी कालपासून थांबलो नाही. कुत्र्यांना नीट खाऊ घातलं नाही. आत्ता थांबलो ते टिप्पी आडवी पडली म्हणून.” टिप्पी त्याची सगळ्यांत पुढे धावणारी कुत्री, तिच्यावर त्याचा जीव. “आणि आता पुढे जायला पाय उचलत नाही. इथेच बसतो मी. तुम्ही विमान बोलवा.”

वर्नाला राग आला. तो तिला नेहमीच पटकन यायचा आणि थंडीत त्याची ऊब वाटायची. बैठकीत तिच्यावर हसलेले चेहरे तिला दिसले. ‘शेवटच्याची बाजू घेते, आणि घरचाच पोरगा भुताला भिऊन विमानात बसला.’

पण तो राग वरवरचा होता. खाली दुसरंच होतं. विमान आज येणार नव्हतं. किनाऱ्याकडून वारा उठत होता. रँडल इथे बसून राहिला, झोपला नाही, खाल्लं नाही, तर सकाळपर्यंत तो कोणत्या स्थितीत असेल ते तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला एकजण असाच बसल्याजागी गोठलेला सापडला होता. दाराकडे तोंड करून.

“तुझी झोप उडालीय, बाकी काही नाही,” ती म्हणाली. “डोकं आवाज तयार करतं. सगळ्या हाकणाऱ्यांना होतं. माझ्याकडे बघ. मी तुझ्या मागे आहे. कोणी असलाच, तर त्याला आधी मला ओलांडावं लागेल. आणि मी कुणाला वाट देणार नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

“मामालाही?”

“मामाला तर मुळीच नाही.”

तेव्हा तो हसला. फुटक्या ओठातून थोडं रक्त आलं, तो ते चाटून पुन्हा हसला.

४

त्याने डबाभर मांसाचा रस्सा प्यायला आणि फळीवर पडल्यापडल्या झोपला. मामाने बाहेर कुत्र्यांना सुकी मासळी घालून पाणी गरम केलं. वर्नाने रँडलच्या पार्काची पाठ पाहिली. खांद्याच्या खाली विळ्याने चिरावी तशी फाटली होती, आतली पिसं बाहेर येत होती. तिने सुई काढली, दात साफ करायचा मेणाचा दोरा ओवला, इथे सगळे त्यानेच शिवतात, आणि तो झोपलेला असतानाच पाठीवर टाके घातले. जवळजवळ, घट्ट. शेवटी दोरा दाताने तोडला.

तो उठला तेव्हा वेगळाच दिसत होता. वेगळा म्हणजे पूर्वीसारखा.

“ए तायडे, पाठीवर नक्षी काढलीस का काय?”

“तुझं नाव लिहिलंय. हरवलास तर कोणीतरी घरी आणून देईल.”

तो निघाला तेव्हा टेकड्यांवरून वारा खाली उतरला होता. जमिनीवरचं वादळ. वर आभाळ निळंशार, सूर्य लख्ख, आणि खाली बर्फ कंबरेइतक्या उंचीवरून नदीसारखा वाहतोय. त्यात कुत्रे बुडाले. रँडल मात्र कंबरेच्या वर दिसत राहिला, जणू पाण्यावरून उभाच चाललाय. वळणापाशी त्याने हात वर केला. मागे न पाहता.

थोडा वेळ जाऊ द्यायचा म्हणून ती थांबली. मग मामाच्या मशीनने कचकन आवाज केला आणि बंद पडलं.

“पट्टा गेला,” मामा खाली वाकून म्हणाला. “तू हो पुढे. त्याला फार लांब जाऊ देऊ नकोस. मी पट्टा बदलतो आणि येतो. येताना हाक मारेन, दचकू नकोस.”

५

काठी. गुडघा. गाडी. काठी.

वाहत्या बर्फात तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. दिसले नाहीत तरी फरक पडत नव्हता. तसेही ते तिथे असल्याची खबर येत नव्हती. काठीचं वरचं टोक तेवढं पांढऱ्या पुरातून डोकं काढून असायचं. तिथे जायचं, हाताने चाचपायचं, उपटायचं. दर काठीपाशी ती मशीन बंद करायची. पेट्रोल जपून वापरायचं होतं, आणि रँडलची काही चाहूल लागते का तेही ऐकायचं होतं. वाऱ्याचा घूं घूं आवाज होता. बाकी काही नाही.

ती एका काठीवर ओणवी झाली होती. काठी बर्फात रुतली होती, हलत नव्हती. ती दोन्ही हातांनी ती पिळत होती.

“वाट!”

साधा आवाज. थकलेला. दिवसभरात शंभर वेळा तीच हाक दिलेल्या माणसाचा.

“आले, आले, मामा,” असं काहीतरी पुटपुटत तिने मशीनचा दांडा धरला आणि ते रेटत बाजूच्या मऊ बर्फात नेलं. स्वतःही वाटेवरून उतरली. ते सगळं इतकं आपोआप झालं की त्यात तिचा काही भाग नव्हता. दार वाजलं की माणूस उठतो, तसं.

मग तिच्या लक्षात आलं की मशीनचा आवाज नाही.

आवाज होता तो कुत्र्यांच्या धापांचा. तो आधी मागून आला, मग तिच्या गुडघ्यांपाशी आला, आणि वाहत्या बर्फाखालून तिच्यासमोरून जायला लागला. लांब टीम होती. धापा संपतच नव्हत्या. ओल्या केसांचा वास आला. पट्ट्यांच्या कड्या किणकिणल्या. बर्फाच्या पुरात एकाही कुत्र्याची पाठ वर आली नाही. मग बर्फावर घासणाऱ्या स्लेजचा करकर आवाज, आणि त्यावर उभा असलेला माणूस, कंबरेच्या वर, हळूहळू तिच्यासमोरून सरकत गेला.

त्याच्या टोपीची केसाळ कड बर्फाने पूर्ण बंद झाली होती. त्या बर्फात तोंडाच्या जागी श्वासाने भोक पडायला हवं होतं. तिने तिथे पाहिलं आणि मग लगेच नजर खाली घेतली.

त्याने हात वर केला. “उपकार झाले,” तो म्हणाला.

तो पुढे गेल्यावर तिला त्याची पाठ दिसली. रँडलचा पार्का. खांद्याखाली लांब फाटलेला, आणि त्यातून पिसं उडत होती, एकेक, निळ्या आभाळात.

६

ती किती वेळ उभी होती तिला कळलं नाही.

मग डोकं चालायला लागलं, आणि ते अगदी नीट चाललं. रँडल वळणापलीकडे थांबला असणार, कुत्र्यांचे मोजे बदलायला, एखाद्या घळीत आडोशाला. या पुरात तिला तो दिसला नाही आणि ती पुढे निघून आली. म्हणजे नियम तिनेच मोडला, शेवटच्याला ओलांडलं. मागून तो आला, समोर कोणीतरी आहे म्हणून हाक दिली, तिला ओळखलं नाही, तोंड गोठलेलं. मेणाचा दोरा थंडीत तुटतो. तुटला. एवढंच.

सगळं बसत होतं. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं, पुन्हा बसलं.

तिने वायरलेसवर मामाला हाका मारल्या. खरखर आली.

तिला मागे जाऊन पाहता आलं असतं. पण मागे काठ्या नव्हत्या. मागे जे काही होतं ते तिने स्वतःच उपटून गाडीत भरलं होतं. आणि रँडल तर पुढे गेला होता. पुढे गेलेला तिने आत्ता डोळ्यांनी पाहिला होता.

म्हणून ती पुढे निघाली. आणि निघाली तशी वाटेतली काठी तिच्या हातात आली. मग पुढची. ती उपटू नये असं तिला एकदा वाटलं. स्पष्ट शब्दांत, कोणीतरी शेजारी बसून सांगावं तसं. पण हातांना ते पोचलं नाही. काठी, गुडघा, गाडी. किनाऱ्यावरच्या गावाच्या छपरांवरचे धूर दिसू लागले तेव्हा गाडी काठ्यांनी गच्च भरली होती आणि तिच्या मागे, टेकड्यांपर्यंत, काहीही नव्हतं.

७

शाळेच्या मोठ्या खोलीत शर्यतीचा शेवटचा मुक्काम होता. शेगडीवर सुपाचं पातेलं, त्याच्यापाशी ॲगाथा मावशी, गावातली म्हातारी, जी दर वर्षी शेवटच्यापर्यंत सूप गरम ठेवते. शर्यतीचा कारभारी टोबियस भिंतीवरचे कागद उतरवत होता.

“आली झाडू!” तो म्हणाला. “भाऊ केव्हाचा आलाय. छान आला, ताजातवाना. मी म्हटलं हा शेवटचा वाटतच नाही.”

रँडल कोपऱ्यात बाकावर बसला होता. समोर वाटी होती, तिच्यावर साय धरली होती. दाराकडे पाठ.

वर्नाला रडू यायला हवं होतं. आलं नाही. ती चालत गेली आणि त्याच्या मागे उभी राहिली. पार्काची पाठ फाटलेली होती.

तिने हातमोजे काढले. टाके तुटले तरी सुईची भोकं राहतात. कापडाच्या दोन्ही कडांना, जवळजवळ, तिने घातली होती तशी. तिने कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. त्यांना काही कळेना. डोळ्यांसमोर कड धरून पाहिलं, तर पिसं चिकटलेली, बर्फ वितळून कापड काळं पडलेलं.

“रँडल.”

तो वळला. रँडलच होता. लाल डोळे. ओठ फुटलेले नव्हते, का ऊब लागून भरले होते?

“मघाशी वाट दिलीत,” तो म्हणाला. “आभारी आहे, ताई.”

बारा वर्षांचा होता तेव्हापासून तो तिला तायडे म्हणत आला होता. मार खाल्ला तरी तायडेच. आणि ‘दिलीत’? तिने त्याच्याकडे पाहत राहून विचारलं, “टिप्पी कशी आहे?”

“कुत्रे ठीक आहेत.”

“टिप्पी?”

“सगळे ठीक आहेत,” तो म्हणाला आणि वाटीकडे वळला.

दार उघडून क्लेमेंट मामा आत आला, भुवयांना बर्फ लटकलेला. “काय गं, एक काठी ठेवायची तरी माझ्यासाठी! तुझ्या मशीनच्या मागावरून कसाबसा आलो, तोही निम्मा पुसलेला.” मग त्याला कोपरा दिसला. “आला का हा! शाब्बास रे वाघा.” तो लांब ढांगा टाकत गेला, भाच्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि तो हात तसाच वर नेऊन स्वतःची टोपी सारखी केली. मग तो शेगडीकडे येऊन उभा राहिला. बराच वेळ शेकत राहिला.

“मामा,” वर्ना हळूच म्हणाली, “तू मला हाक मारलीस? वाटेत?”

“कधी? तुझा माग लागला तेव्हा तू दिसतसुद्धा नव्हतीस.”

“येताना वाटेत कोणी दिसलं?”

“या पुरात? माझं नाक दिसत नव्हतं मला.” त्याने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. “का? कोण दिसायला हवं होतं?”

ती बाहेर गेली आणि गाडीवरची दोरी सोडू लागली. वारा तसाच होता, आभाळ तसंच निळं. कोपऱ्यातल्या त्या माणसाचे कुत्रे भिंतीपाशी पेंढ्यावर झोपले होते. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं नाही. तिने काठ्यांचा एक भारा उचलला, मशीनवर आडवा टाकला, पेट्रोलचा डबा उघडला.

टोबियस धावत आला. “काय चाललंय?”

“काठ्या परत लावतेय.”

“वेडी का तू? आत्ता काढल्यास ना?”

“म्हणूनच.”

“कुणासाठी? अगं, सगळे आलेत! तुझा भाऊ तिथे बसून सूप पितोय.”

“पीत नाहीये तो,” ती म्हणाली. “वाटी बघ जाऊन.”

“हे बघ वर्ना, मी शर्यत बंद केलीय. वायरलेसवर सांगून टाकलंय. आता तू गेलीस तर तुझ्या जबाबदारीवर. तुझ्यामागे कोणी येणार नाही.”

“मला कोणी मागे नकोय,” वर्ना म्हणाली. पहिली काठी तिने शाळेच्या दारासमोरच बर्फात खुपसली, पट्टी टेकड्यांकडे करून, आणि मुठीने ठोकली. मुठीला लागलेलं कळलं नाही. पण तिला थोडं रक्त दिसलं, आणि ते पाहून, चार दिवसांत पहिल्यांदा, तिला भीती वाटली. खरी, पोटातली, ऊबदार भीती. तिने मशीन सुरू केलं.

मागून क्लेमेंट मामा आला. काही न बोलता त्याने दुसरा भारा उचलून आपल्या मशीनवर घेतला.

“अरे, तुम्हाला दोघांना झालंय काय!” टोबियस ओरडला. मग आत वळून म्हणाला, “मावशी, उतरवा ते पातेलं. संपलं इथलं.”

ॲगाथा मावशी हातात डाव घेऊन दाराशी आली होती. तिने डोळ्यांवर हात धरून गावभर नजर फिरवली, घराघरांच्या दारातले बांधलेले कुत्रे पाहिले, मग भिंतीपाशी पेंढ्यावर झोपलेले पाहिले.

“पातेल्याला हात लावू नकोस रे,” ती म्हणाली. “ह्या झोपलेल्यांना सोड, पण गावातले सगळे कुत्रे बघ, उठून टेकड्यांकडे तोंड करून बसलेत. कुणाची तरी टीम येतेय अजून.”